मुक्त मूलके आणि किवीचा भाव

श्रावण लागला की पुण्याच्या बाजारात फुलांचा भाव चढतो आणि त्याच सुमारास किवीचाही. फुलांचे कारण सर्वांना ठाऊक आहे. किवीचे कारण डेंग्यू. गेल्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत एका अकरा वर्षांच्या मुलाला ताप आला, रक्ताच्या तपासणीत एनएस-१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन, पॉझिटिव्ह निघाले आणि त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींत वाद पेटला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी म्हणाले, की गंभीर डेंग्यूत मुक्त मूलके, म्हणजे जाहिरातींच्या भाषेतली ‘फ्री रॅडिकल्स’, रक्तवाहिन्यांची नासधूस करतात हे आता शास्त्रानेच दाखवले आहे, तेव्हा मुलाला किवी द्या, पपईच्या पानांचा रस द्या, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या द्या. त्यांना उत्तर देणारा तरुण संगणक अभियंता होता. त्याचे म्हणणे असे, की फ्री रॅडिकल हा शब्द कानावर पडला की समजावे, पुढे कुणीतरी पावडरचा डबा विकायला बसला आहे. हे सारे थोतांड आहे. दोन तास हे चालले. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून दोघांनीही मला साक्षीला ओढले, आणि मी दोघांच्याही उपयोगी पडलो नाही.

माझ्या मते दोघे चुकत होते आणि दोघांची चूक एकच होती. रोगात एखाद्या घटकाचा हात आहे हे सिद्ध झाले, की त्या घटकाला दडपणारा पदार्थ आपोआप औषध ठरतो, हे दोघांनीही न बोलता गृहीत धरले होते. पहिल्याला हात दिसला म्हणून त्याने औषध मान्य केले. दुसऱ्याला औषध मान्य नव्हते म्हणून त्याने हातच नाकारला. मुक्त मूलकांचा गंभीर डेंग्यूत सहभाग आहे, आणि तरीही आज बाजारात मिळणाऱ्या अँटिऑक्सिडंटांनी, म्हणजे मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांनी, डेंग्यूच्या रुग्णाचे काही भले होते असा भरवशाचा पुरावा नाही. ही दोन विधाने एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटणे, हाच या वादातला मूळ घोटाळा आहे.

आधी डेंग्यूत माणूस कशाने दगावतो ते पाहिले पाहिजे, कारण वादात नेमके तेच राहून जाते. बहुतेकांना वाटते की तापाने, किंवा ‘पांढऱ्या पेशी’ कमी होऊन रक्तस्राव झाल्याने. (कमी होतात त्या प्रामुख्याने प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पांढऱ्या पेशीही उतरतात, पण ज्या आकड्याने घरात घबराट पसरते तो त्यांचा नसतो.) प्रत्यक्षात गंभीर डेंग्यूचा मुख्य घात रक्तद्रव झिरपण्याने होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तातला पातळ भाग बाहेर पडून छातीच्या आणि पोटाच्या पोकळीत साठतो, वाहिन्यांत उरलेले रक्त दाट होते, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, वीस टक्के किंवा त्याहून अधिक वाढते, रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर आकसते आणि रुग्ण शॉकमध्ये जातो, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त पोहोचेनासे होते. यातली फसवी गोष्ट अशी, की हे सहसा ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान घडते, म्हणजे घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात नेमके तेव्हा. ही गळती साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते. त्या तासांत शिरेवाटे पुरेसे आणि मोजके द्रव दिले, तर जिथे उपचाराविना वीस टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावू शकतात, तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणता येते.

आता मुक्त मूलकांकडे वळू. जोडी न मिळालेला इलेक्ट्रॉन असलेला अणू किंवा रेणू म्हणजे मुक्त मूलक. तो समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेऊ पाहतो. श्वासातल्या ऑक्सिजनचा थोडा अंश आपल्या पेशींत सतत सुपरऑक्साइड नावाच्या मूलकात बदलत असतो, आणि १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्याचा निचरा करणारे विकर (एन्झाइम) शोधून काढले तेव्हा कळले, की शरीराला या मूलकांची ओळख आपल्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. डेंग्यूच्या विषाणूशी लढताना भक्षक पेशी सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड दोन्ही तयार करतात. हे दोघे भेटले की पेरॉक्सिनायट्राइट हा फार आक्रमक पदार्थ बनतो, आणि तो पेशींच्या आवरणातली स्निग्धद्रव्ये व प्रथिने बिघडवतो.

निवृत्त शेजाऱ्यांच्या बाजूने जे सांगता येते ते कमी नाही, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. क्यूबातल्या संशोधकांनी २००४ मध्ये आणि पुदुच्चेरीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात ऑक्सिडीकरणाने बिघडलेली द्रव्ये वाढलेली दाखवली. पुदुच्चेरीच्या कामात तर या खुणा पुढे येणाऱ्या गंभीर अवस्थेची पूर्वसूचना देऊ शकतील, असेही सुचवले होते. यावर तरुण अभियंत्याचा आक्षेप मला मान्य आहे: फुटलेल्या काचा चोरीनंतर सापडतात म्हणून काचांनी चोरी केली असे होत नाही, आणि या खुणा केवळ झालेल्या नुकसानीचा अवशेष असू शकतात. पण पुरावा एवढ्यावर थांबत नाही. तैवानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ही मूलके तयार करणारी यंत्रणाच ज्यांच्यात जन्मतः नाही अशा उंदरांत, डेंग्यूच्या विषाणूमुळे होणारा रक्तस्राव कमी झाला. यंत्रणा काढून घेतली आणि परिणाम बदलला; इथे फुटलेल्या काचांचा दाखला पुरत नाही. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे विषाणू स्वतःच या खेळात उतरलेला आहे. पेशीची अँटिऑक्सिडंट यंत्रणा चालू करणाऱ्या एनआरएफ-२ नावाच्या प्रथिनाला डेंग्यूच्या विषाणूचे एक विकर नष्ट करवते, असे २०२० मध्ये दाखवले गेले. ज्या घटकाशी विषाणूला काही देणेघेणे नाही, त्याच्या पहारेकऱ्याला तो कशाला मारील? तेव्हा ‘हे सारे थोतांड’ हे विधान टिकत नाही, आणि ते करणारा माणूस नकळत एक खरे शास्त्र डबा विकणाऱ्याच्या स्वाधीन करून मोकळा होतो.

मग किवी का नको? पहिले उत्तर निव्वळ रसायनाचे आहे. मूलकांतले सर्वांत विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक जन्मल्यापासून सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास टिकते आणि जिथे जन्मते तिथेच, काही नॅनोमीटरच्या परिसरात, जे हाताला लागेल त्यावर तुटून पडते. त्याच्या वाटेत शर्करा आणि प्रथिने यांचे रेणू इतक्या प्रचंड संख्येने असतात, की बाहेरून दिलेला कोणताही अँटिऑक्सिडंट त्या गर्दीत त्याच्या आधी पोहोचणे जवळजवळ अशक्य. शरीर म्हणूनच मूलकाला पकडायच्या नादी लागत नाही. त्याच्या आधीच्या पायरीवरचे सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड विकरांच्या साहाय्याने, जागच्या जागी, पेशीच्या ठरलेल्या कप्प्यात निकालात काढते. तोंडावाटे घेतलेले व्हिटॅमिन सी दिवसाला काही शे मिलिग्रॅमच्या पुढे गेले, तर रक्तातली त्याची पातळी फारशी वाढत नाही; उरलेले लघवीवाटे निघून जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. (आणि व्हिटॅमिन सीच हवे असेल, तर सातासमुद्रापलीकडून आलेली किवी कशाला? मंडईतल्या पेरूत आणि आवळ्यात ते तिच्यापेक्षा जास्त असते. पण पेरूला आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा मान नाही.)

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. मुक्त मूलके ही एका बाजूची फौज नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की डेंग्यूच्या विषाणूने ग्रासलेल्या डेंड्रिटिक पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या टेहळ्या पेशींना, इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनाची लढाई सुरू करण्यासाठी याच ऑक्सिडीकरणाच्या संकेताची गरज असते. तो दाबला तर विषाणूविरोधी प्रतिसाद मंदावतो. नायट्रिक ऑक्साइड विषाणूच्या वाढीला आळा घालू शकते हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. ज्या मुलांच्या भक्षक पेशी जन्मतःच सुपरऑक्साइड बनवू शकत नाहीत, त्यांना जिवाणूंचे आणि बुरशीचे संसर्ग पुनःपुन्हा होतात आणि अनेकदा जिवावर बेततात. चुलीतला विस्तव आणि छपराला लागलेला विस्तव रसायनाच्या दृष्टीने एकच असतो. म्हणून चूल विझवून छप्पर वाचत नाही. प्रश्न कोणत्या दिवशी, कोणत्या पेशीत आणि किती, असा आहे. दुसऱ्या दिवशी जे मूलक उपकारक आहे तेच पाचव्या दिवशी घातक असू शकते, आणि गोळीला दिवस कळत नाही.

इथे माझी एक कबुली. कितीतरी वर्षे मी फळ्यावर मुक्त मूलकांची आकृती काढताना पेशीच्या आवरणावर लाल खडूने बाण मारत असे आणि ‘जळते’ हाच शब्द वापरत असे. डेंग्यूच्या बाबतीत तो शब्दच दिशाभूल करणारा आहे. रक्तवाहिनीची भिंत खरोखर जळाली असती तर ती भरून यायला आठवडे लागले असते. पण डेंग्यूतली गळती दोन दिवसांत बंद होते, बाहेर गेलेला द्रव परत वाहिन्यांत येऊ लागतो, इतक्या वेगाने की त्या वेळी सलाइन चालूच ठेवले तर फुप्फुसांत पाणी होऊन रुग्ण दगावू शकतो. मृत रुग्णांच्या तपासणीतही वाहिन्यांची मोठी मोडतोड सहसा आढळत नाही. भिंत पडत नाही, तिचे दरवाजे काही काळ उघडे राहतात. ते उघडण्यात विषाणूच्या एनएस-१ प्रथिनाचा थेट हात आहे असे २०१५ मधल्या संशोधनाने दाखवले, प्रतिकारयंत्रणेच्या सायटोकाइनांचा, म्हणजे तिच्या निरोप्या प्रथिनांचा, आहे, आणि मुक्त मूलकांचाही आहे. अनेक हात एकाच कडीवर असताना त्यांतला एक बाजूला केल्याने दार मिटेलच, असे कशावरून?

शेजारी म्हणतील, ही तर्कटे झाली. करून पाहायला काय हरकत आहे? करून पाहिलेले आहे, डेंग्यूत भरवशाच्या प्रमाणावर नसले तरी इतरत्र, आणि त्याचा इतिहास सावध करणारा आहे. बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट, धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत मूलकांचा सुळसुळाट, म्हणजे बीटा-कॅरोटिन कर्करोग टाळणार, हा तर्क जितका सरळ होता तितकाच लोकप्रिय. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. डेंग्यूच्या शॉकला अधिक जवळचे उदाहरण सेप्सिसचे, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याचे. तिथेही वाहिन्या गळतात, तिथेही मूलके वाढतात, आणि तिथे व्हिटॅमिन सी थेट शिरेवाटे, मोठ्या मात्रेत दिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मृत्यू किंवा अवयव निकामी राहणे, हे व्हिटॅमिन घेणाऱ्यांत ४४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३८.५ टक्के होते. खुद्द डेंग्यूत, प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरावा म्हणून व्हिएतनाममध्ये मुलांना आणि तरुणांना सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइड देऊन पाहिले. २०१२ च्या त्या निष्कर्षांत शॉक टळल्याचे दिसले नाही. आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडी) म्हणजे निखळ मित्र, ही समजूत डेंग्यूने किती महागात पाडली ते फिलिपिन्सला विचारावे. तिथे २०१६ पासून आठ लाखांवर मुलांना ही प्रतिपिंडे तयार करणारी डेंग्यूची लस दिली गेली, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात उत्पादकालाच सांगावे लागले, की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता त्यांना पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. मित्र आणि शत्रू यांची यादी करून या रोगाशी लढता येत नाही.

पपईच्या पानांचे काय? तो पुरावा अगदीच हवेतला नाही. मलेशियात २०१३ मध्ये झालेल्या चाचणीत २२८ रुग्णांपैकी ज्यांना पानांचा रस दिला त्यांच्या प्लेटलेट अधिक वाढल्या. पण प्लेटलेट वाढणे म्हणजे रुग्ण वाचणे आहे का? २०१७ मधल्या सिंगापूर-मलेशियातल्या चाचणीत प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण रक्तस्राव होत नसलेल्या सुमारे पावणेचारशे प्रौढांपैकी निम्म्यांना थेट प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या; रक्तस्राव त्याने लक्षणीय कमी झाला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. पिशवीने जे साधले नाही ते पानाच्या रसाने साधेल अशी आशा ठेवायची, तर तिला प्लेटलेटच्या आकड्यापलीकडचा आधार हवा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपण उगाच म्हणत नाही.

मी अँटिऑक्सिडंटांचा वैरी आहे असे यावरून कोणी समजू नये. एक अँटिऑक्सिडंट खरोखर जीव वाचवते, आणि गंमत म्हणजे त्याचा डेंग्यूशी आडून संबंध आहे. डेंग्यूच्या तापाला पॅरासिटामॉल हेच सुरक्षित औषध. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळायचे. पण ताप हटत नाही म्हणून घाबरलेले घर दर दोन-तीन तासांनी गोळी देत राहते, सर्दीच्या औषधातही तेच पॅरासिटामॉल असते याचा पत्ता नसतो, आणि आधीच सुजलेल्या यकृतातला ग्लुटाथायोन हा नैसर्गिक अँटिऑक्सिडंट संपत जातो. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दिले जाते. ते ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढते, आणि अतिमात्रेनंतर आठ तासांच्या आत दिले तर यकृत जवळजवळ हमखास वाचते. ते का चालते? कारण तिथे विष कोणते, कोणत्या अवयवात, कोणत्या तासाला आणि कशाची उणीव, हे सगळे ठाऊक आहे. डेंग्यूतल्या मूलकांविषयी या चारही प्रश्नांची उत्तरे आज अर्धवट आहेत.

उरतो तो ‘नुकसान तर नाही ना’ हा युक्तिवाद, आणि मला तोच सर्वांत धोक्याचा वाटतो. किवी खाऊन कोणी मरत नाही हे खरे. पण त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन तास बोललेल्या सात-आठ माणसांपैकी, माझ्यासकट, एकानेही मुलाचा ताप कधी उतरला हे विचारले नव्हते. तो त्या दिवशी दुपारीच उतरला होता, आणि म्हणूनच त्याची आई रस काढण्याइतकी निर्धास्त झाली होती. रात्री त्याच्या पोटात दुखू लागले, दोन उलट्या झाल्या, लघवी सकाळपासून झालेली नाही हे लक्षात आले, आणि मग गाडी काढली गेली. वेळेवर सलाइन मिळाले, तिसऱ्या दिवशी तो घरी आला. सतत उलट्या, पोटात सारखी कळ, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा चिडचिड, हिमॅटोक्रिट चढत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणे: या धोक्याच्या खुणा २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत आहेत. त्यांच्या जागी आपण फळांची यादी पाठ केली आहे.

रोगाची यंत्रणा समजून घेण्याचा काही उपयोगच नाही, असे तरुण मित्राला वाटू नये म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषले जातात हे १९६० मध्ये मांडले गेले, तेव्हा त्यात औषध असे काहीच नव्हते. पुढे त्यावर कॉलऱ्याच्या रुग्णांत मोजूनमापून चाचण्या झाल्या, आणि १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. जिथे शेकडा तीसपर्यंत माणसे मरत होती तिथे मृत्यू शेकडा चारच्या खाली आले. यंत्रणेच्या ज्ञानातून उपचार निघाला तो असा: मधली चाचणीची पायरी कोणी गाळली नाही, आणि मोजायचे ते थेट माणसांचे मरणे आणि जगणे मोजले.

डेंग्यूतल्या मूलकांसाठी ती मधली पायरी अजून बाकी आहे, आणि ती पुण्यात का घातली जाऊ नये, हा या वादातला विचारण्याजोगा प्रश्न आहे. १९५२ पासून या शहरात विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. डेंग्यू दरवर्षी येतो, चिकुनगुन्या येतो, २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिका सापडला आणि २०२४ मध्ये तो शहरातच आला. एडिस डास तोच, आणि कुंडीखालची ताटलीही तीच. अशा चाचणीत रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदवावे लागतील, कारण रुग्णालयात तो पाचव्या दिवशी पोहोचतो तेव्हा गळती सुरू झालेली असते. मोजमाप प्लेटलेटचे ठेवून चालणार नाही. शॉक किती जणांना आला आणि शिरेवाटे किती द्रव लागले, हे मोजावे लागेल. आणि डेंग्यूच्या रुग्णांपैकी थोडेच गंभीर होतात, म्हणून रुग्ण शेकड्यांनी पुरणार नाहीत, हजारांनी लागतील, एकाहून अधिक पावसाळे लागतील, आणि निम्म्या घरांना आपल्या मुलाला औषध मिळते आहे की नुसती गोळी, हे कळणार नाही, याला राजी व्हावे लागेल.